चालीचं मूळ शोधायचं तर: ७३, मेरियन स्क्वेअर, डब्लिन

मेरियन स्क्वेअरला लोक ऑस्कर वाइल्डच्या पुतळ्याशी फोटो काढतात आणि निघतात. त्याच चौकात ७३ नंबरच्या जुन्या जॉर्जियन घरात आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक आर्काइव्ह आहे. १९८७ साली सुरू झालेली संस्था, वापर मोफत. मी हौशी फिडलवाली, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन वाजवणारी. 'मिस मॅक्लिऑड्स रील' ही नाचाची चाल आली कुठून, यावरून आमच्या पबमधल्या सेशनमध्ये, म्हणजे जमून वाजवण्याच्या बैठकीत, वाद झाला, म्हणून तिथे गेले.

आधी एक सांगते. इथे नावावर भिस्त ठेवलीत तर फसाल. आयरिश नाचाच्या चालींना चार-चार नावं असतात, आणि एकाच नावाच्या दोन चालींचा एकमेकींशी काडीचा संबंध नसतो. म्हणून जाणकार नाव बाजूला ठेवून सुरुवातीचे स्वर बघतात. मूळ स्वराला १ धरायचं आणि बाकीचे त्यावरून मोजायचे. आयर्लंडमध्ये ही रील सर्रास जी (G) या पट्टीत वाजते, स्कॉटलंडमध्ये ए (A) पट्टीत. पण चालीचं पहिलं माप, म्हणजे तालाचा पहिला खंड (बार), १-३-१-५-१-३-१ असं लिहिलं की पट्टी कुठलीही असो, ओळख पटते. आयरिश चालींचा संग्राहक ब्रँडन ब्रानॉखने या तत्त्वावर मोठी सूची केली होती. संगीत-अभ्यासक अलोइस फ्लाइशमनचा १९९८ साली आलेला दोन खंडी ग्रंथही असाच स्वरांवरून शोधता येतो. त्यात १६०० ते १८५५ या काळातल्या हजारो चाली आहेत. जड आहे, दोन्ही अर्थांनी, पण माझ्या मते अशा शोधाची सुरुवात त्याच्यापासूनच करावी.

मग मागे मागे जायचं. १९०३ चं ओ'नीलचं पुस्तक बहुतेकांच्या घरी असतंच: १८५० चाली, आणि गोळा करणारा शिकागोच्या पोलिसांचा प्रमुख! आमच्या सेशनमध्ये ते वेदवाक्य. पण ते छापलं गेलं तेव्हा ही रील चांगली म्हातारी झाली होती. गाऊ या फिडलवादक घराण्याच्या १८०९ च्या स्कॉटिश संग्रहात ती 'मिसेस मॅक्लिऑड ऑफ रासे' म्हणून येते, आणि सोबत टीप: ही स्काय बेटावरची अस्सल रील, श्री. मॅक्लिऑड यांच्याकडून मिळालेली. रासे हे स्कॉटलंडमधल्या स्कायला खेटून असलेलं बेट. म्हणजे ज्या बाईसाठी आम्ही आयरिशपणाच्या शपथा घेत होतो, तिचं माहेर समुद्रापलीकडे. तरी १८०९ हे छापल्याचं साल, चालीच्या जन्माचं नव्हे. त्याआधी ती किती वर्षं लोकांच्या हातात फिरली, हे कागद सांगत नाही.

आणि कागदाला फार भाव देऊ नका. आज सेशनमध्ये ऐकू येणाऱ्या कित्येक वळणांचा माग पुस्तकात लागत नाही, तो १९२०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या तबकड्यांपाशी जाऊन थांबतो. आयर्लंडमधल्या स्लायगोच्या मायकल कोलमनचं फिडल त्या तबकड्यांवरून परत आयर्लंडला आलं आणि गावोगावचे वादक त्याच्यासारखं वाजवू लागले. त्यामुळे इथे ध्वनिमुद्रणं ऐकायलाही वेळ काढा. माझ्यासाठी तीच या जागेची खरी श्रीमंती.

उणीव म्हणाल तर पुस्तक घरी नेता येत नाही, सगळं तिथेच बसून पाहायचं. नुसती चाल शिकायची असेल तर इतका खटाटोप करू नका, सेशनमध्ये कोपऱ्यात बसून कानाने उचला, लवकर येईल. डब्लिन लांब पडत असेल तर संस्थेच्या वेबसाइटवर जुने संग्रह, ध्वनिमुद्रणं आणि पडद्यावर वाजणारी स्वरलिपी फुकट आहे. जाणार असाल तर वेळा आधी बघा, आणि चालीचं नाव नाही लक्षात राहिलं तरी चालेल, पहिली दोन मापं मात्र लिहून न्या.