जुनी रोड बाइक की जुनी हायब्रिड? रत्नागिरीच्या रस्त्यांवरून बघूया

समजा बारा-तेरा हजारांत दोन जुन्या सायकली मिळतायत. एक पुण्यातली रोड बाइक: खाली वळलेलं हँडल, २५ मिलिमीटरचे बारीक टायर, रिमला घासणारे ब्रेक. दुसरी रत्नागिरीतलीच हायब्रिड: सरळ हँडल, ३८ चे टायर, डिस्क ब्रेक. फ्रेम दोन्हींची ॲल्युमिनियमची. शर्यतीत उतरायचं नाहीये. सकाळी आरे-वारेपर्यंत जाऊन यायचं, रविवारी जमलंच तर गणपतीपुळे.

सपाटीवर रोड बाइक पुढे, यात वादच नाही. पण आपल्याकडे सपाटी आहे किती? खाडीकडे उतरलो की लगेच सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढायचं. म्हणून आधी दात मोजा. जुन्या रोड बाइकला पुढे ५३-३९ दातांच्या चकत्या आणि मागची सगळ्यांत मोठी चकती २५ ची असेल, तर हलक्यात हलक्या गिअरमध्येही पायडलच्या एका फेरीला सायकल सव्वातीन मीटर पुढे जाते. तेवढा जोर चढावर प्रत्येक फेरीला लावायचा. हायब्रिडमध्ये पुढे २८, मागे ३२ अशी जोडी असली की तेच अंतर दोन मीटरच्या आत येतं. रोड बाइकला पुढे ५०-३४ आणि मागे २८ असेल तर अडीच मीटर, मग ठीक आहे, सवयीने जमतं. पुण्याला फोन लावाल तेव्हा रंग आणि कंपनी नंतर विचारा, हे आकडे आधी.

टायरचं म्हणाल तर डांबर चांगलं असेल तिथे २५ ची मजा वेगळीच. पण कडेची जांभ्याची खडी, किनाऱ्याजवळ रस्त्यावर आलेली वाळू आणि पहिल्या पावसातला तांबडा चिखल यांत ३८ चे टायर जास्त विश्वासाचे. जुन्या रोड बाइकच्या ब्रेकखाली बहुतेक वेळा २८ च्या वरचा टायर मावत नाही, म्हणजे नंतर बदलू म्हणायलाही जागा नाही. रोड बाइकच्या ट्यूबला बहुधा बारीक प्रेस्टा वॉल्व्ह असतो. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याची नळी त्याला बसत नाही. छोटं पितळी अडॅप्टर खिशात असू द्या.

रिम ब्रेक पावसात उशिरा पकडतात आणि मातीचे कण रिम घासून काढतात. रिमच्या कडेवर नख फिरवा. मध्ये खोलगट लागलं तर चाकाचं आयुष्य सरत आलंय.

इथवर पारडं हायब्रिडकडे झुकतं. पण ती सायकल राहिली कुठे, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. ॲल्युमिनियम गंजत नाही म्हणतात, ते अर्धंच खरं. लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, पण खाऱ्या हवेत त्यावर पांढरी भुकटी धरते, आणि जिथे ॲल्युमिनियमला स्टील चिकटून असतं तिथे ती जास्त वेगाने धरते. माझी पहिली जुनी सायकल दिसायला चकचकीत होती. सीट दोन बोटं वर घ्यायला गेलो, तर सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, फ्रेममध्ये घट्ट धरलेला. तेल सोडलं, गरम पाणी ओतलं, दोन मेकॅनिक दमले. शेवटी पोस्ट कापावा लागला आणि फ्रेम गेली ती गेलीच. तेव्हापासून मी गिअर बघायच्या आधी सीटपोस्ट फिरवून बघतो. तो हलला पाहिजे. हँडलचे बोल्ट सुटले पाहिजेत. पायडलखालच्या भागात रंगाला फोड नकोत. आणि कुणी जुनी स्टीलची रोड बाइक दाखवली तर सीटपोस्ट काढून सायकल उलटी धरा. तांबडा भुगा पडला तर पाया पडून परत या.

चेनसाठी दुकानात चेन मोजायची पट्टी मिळते, नाहीतर साधी फूटपट्टी चालेल. पिनेपासून पिनेपर्यंत १२ इंच भरले पाहिजेत. १२ आणि १/८ भरले तर चेनसोबत मागच्या चकत्याही गेल्या असं धरा. चेन, कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच), दोन टायर, केबल असं सगळं बदलायला चार-पाच हजार सहज जातात. ते किमतीतूनच कमी करून मागा.

माझा कौल असा. हायब्रिडचा सीटपोस्ट हलत असेल तर डोळे मिटून हायब्रिड. अडकलेला असेल तर निम्म्या किमतीतही नको. मग पुण्याचीच घ्या, मात्र ३४ ची चकती असेल तरच. घाटावरच्या कोरड्या हवेत राहिलेली फ्रेम इथल्यापेक्षा बरी निघायची शक्यता जास्त, आणि पुढचं चाक काढलं की ट्रॅव्हल्सच्या डिकीत मावते. घरी आणल्या दिवशीच सीटपोस्ट बाहेर काढा, पुसा, ग्रीस लावून परत बसवा. मे संपता संपता पुन्हा एकदा.