लंडनमध्ये ट्यूबचा संप असेल तर: एलिझाबेथ लाइन, बस, टॅक्सी की सरळ पायी?

लंडनची विमानाची तिकिटं काढून झाली, हॉटेल बुक झालं आणि मग बातमी आली की नेमका त्याच आठवड्यात ट्यूबचा, म्हणजे तिथल्या भुयारी मेट्रोचा, संप आहे, असं तुमचं झालं असेल तर सगळ्यात आधी सांगते, ट्रिप कॅन्सल करू नका. ट्यूब बंद म्हणजे लंडन बंद नाही. सप्टेंबर 2025 मध्ये आम्ही अगदी असेच अडकलो होतो, सोबत आई-बाबा, बाबांचा उजवा गुडघा दुखरा, आणि सोमवार 8 ते गुरुवार 11 ट्यूब जवळजवळ पूर्ण ठप्प. मंगळवारी आणि गुरुवारी डीएलआर, म्हणजे पूर्व लंडनकडची हलकी रेल्वे, पण बंद होती. त्या चार दिवसांत जवळपास सगळंच वापरून बघितलं, त्यामुळे कशाला हात घालायचा आणि कशाच्या नादी लागायचं नाही ते नीट सांगू शकते.

माझं सरळ मत: एलिझाबेथ लाइन आणि पाय. बाकी सगळं त्यानंतर.

एलिझाबेथ लाइन ही तशी नवी रेल्वे, मे 2022 मध्ये सुरू झालेली, आणि ती ट्यूबमध्ये धरत नाहीत, त्यामुळे ट्यूबच्या संपात ती चालू होती. हीथ्रोवरून सामान घेऊन थेट पॅडिंग्टन, तिथून बाँड स्ट्रीट, टॉटनहॅम कोर्ट रोड, फॅरिंग्डन, लिव्हरपूल स्ट्रीट अशी शहराच्या पोटातून आडवी जाते. गाडीत एसी आहे आणि स्टेशनांना लिफ्ट आहेत, गुडघेदुखीवाल्यांसाठी हे फार मोठं. गर्दी मात्र होणार, सकाळी आठ-साडेआठला आपली लोकल आठवेल इतकी, म्हणून साडेनऊनंतरच निघायचं. अजून एक, काही स्टेशनं ट्यूबच्या स्टेशनांना जोडलेली आहेत, तिथे संपाच्या दिवशी भल्या पहाटे किंवा रात्री उशिरा गाडी थांबत नाही, ते आदल्या रात्री बघून ठेवायचं.

आता पायाचं. ट्यूबचा नकाशा बघून सगळं लांब वाटतं, तसं ते नाहीये. टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरलं की ब्रिटिश म्युझियम सात-आठ मिनिटं, ट्रफाल्गर स्क्वेअर पंधरा, आणि तिथून व्हाइटहॉलने सरळ खाली बिग बेन अजून दहा-बारा. लिव्हरपूल स्ट्रीटवरून टॉवर ऑफ लंडन वीसेक मिनिटं. फक्त उतरल्यावर कुठल्या टोकाने बाहेर पडताय ते बघा, फॅरिंग्डनचं एक टोक बार्बिकनला निघतं आणि लिव्हरपूल स्ट्रीटचं मूरगेटला, प्लॅटफॉर्म इतके लांब आहेत की चुकलात तर तेवढीच जास्तीची पायपीट.

बस की पायी, यात सगळ्यांचा गोंधळ होतो. बस स्वस्त आहे, आम्ही गेलो तेव्हा 1.75 पौंड आणि त्यात पहिल्या टॅपपासून, म्हणजे कार्ड मशीनला टेकवल्यापासून, तासाभरात कितीही बसा बदला. पण ट्यूब बंद की सगळं शहर रस्त्यावर येतं. सोमवारी दुपारी बाबांच्या गुडघ्यासाठी म्हणून आम्ही ऑक्सफर्ड स्ट्रीटला बसमध्ये चढलो, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली, आई खूश, पर्समधून दाण्याचे लाडू निघाले. खाली फुटपाथवर पाठीला गिटार अडकवलेला एक मुलगा चालत होता. तो मागे पडायचा, सिग्नलला पुढे जायचा, परत मागे पडायचा, आणि शेवटी इतका पुढे गेला की दिसेनासाच झाला, आम्ही अजून लाडूच खातोय. म्हणून शहराच्या मध्यात गर्दीच्या वेळी बस नको.

मध्यातून बाहेर जायचं असेल आणि वेळ अकरा-बाराची असेल तर मात्र बसच घ्या. बाबांना प्रिमरोझ हिलचं बाबासाहेबांचं घर बघायचंच होतं, 10 किंग हेन्रीज रोड, 1921-22 मध्ये ते तिथे राहिले आणि 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर घेतलं. जवळचं स्टेशन चॉक फार्म, नॉर्दर्न लाइनवर, म्हणजे बंद. टॉटनहॅम कोर्ट रोडवरून 24 नंबर पकडून कॅम्डेन टाऊन, आणि पुढे हळूहळू चालत. बाबा भिंतीवरच्या त्या गोल निळ्या पाटीसमोर बराच वेळ नुसते उभे होते, गुडघ्याचं नावही काढलं नाही. संप आहे म्हणून हे सोडून दिलं असतं तर मला आयुष्यभर लागून राहिलं असतं.

टॅक्सीचं थोडक्यात. ॲपवरच्या गाडीचे भाव संपाच्या दिवशी चढतात, वर गाडी जाममध्येच उभी. काळी कॅब मीटरवर चालते, भाव फुगवत नाही, पण उभ्या उभ्या मीटर पळतोच. रात्री दहानंतर किंवा कोणाला खरंच चालवत नसेल तर काळी कॅब, एरवी दोन्ही नको. भाड्याच्या सायकली तरुण मंडळींसाठी छान, पण डाव्या बाजूने चालवायची सवय आहे म्हणून लंडनच्या ट्रॅफिकची सवय आहे असं समजू नका. ग्रिनिच करायचं असेल आणि डीएलआर बंद असेल तर लंडन ब्रिजवरून साधी रेल्वे दहा मिनिटांत पोचवते. नावेने थेम्समधून जाणं सुंदर आहे पण महाग, आणि त्या दिवसांत रांग.

एक चूक आमच्याकडून झाली ती तुम्ही करू नका. बसमध्ये रोख चालत नाही, आणि एका कार्डावर एकाचंच तिकीट होतं, त्यामुळे प्रत्येकाकडे आपापलं कार्ड हवं. आणि सकाळी फोनने टॅप, दुपारी कार्डाने असं केलंत तर ते वेगवेगळे धरतात, तासाभराची सवलत गेली.

हॉटेल अजून बदलता येत असेल तर पॅडिंग्टनच्या आसपास घ्या, थोडं महाग पडलं तरी. संपाची नोटीस तिथे कायद्याने किमान दहा दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे तेवढा वेळ हातात असतो. परतीचं विमान नेमकं संपाच्या दिवशी असेल तर पॅडिंग्टनहून एलिझाबेथ लाइनने अर्ध्या तासात हीथ्रो, आणि तिथे फारच गर्दी दिसली तर त्याच स्टेशनवरून हीथ्रो एक्सप्रेस पंधरा मिनिटांत. तिचं तिकीट बरंच आधी ऑनलाइन काढलं तर खूप स्वस्त पडतं, आयत्या वेळी काढलं तर चौघांचे पैसे बघून पोटात गोळा येतो.