व्हेरिकोज व्हेन्स: फक्त पाय बधिर करून केलेलं लेझर, काही महिन्यांनंतर

व्हेरिकोज व्हेन्स म्हणजे पायाच्या फुगलेल्या शिरा. त्यातली बिघडलेली शीर लेझरच्या उष्णतेनं आतून बंद करतात. त्या चटक्याची धास्ती घेऊ नका, तो सहसा कळत नाही. कळतात त्या भुलीच्या सुया. मनाची तयारी तेवढ्यासाठीच ठेवा.

मी कोल्हापुरात महाद्वार रोडला साडीच्या दुकानात कामाला आहे, म्हणजे दिवसभर उभंच. संध्याकाळी पोटऱ्या दगड व्हायच्या, घोट्याशी खाज सुटायची, कातडी काळवंडली होती. डॉप्लर, म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी, उभं राहूनच करतात, कारण शिरेतल्या झडपा निकामी झाल्या की रक्त खाली उतरतं ते उभ्यानं नीट दिसतं.

गुडघ्याजवळून शिरेत बारीक तार घालून जांघेपर्यंत नेतात. मग सोनोग्राफीत बघत मांडीभर शिरेच्या कडेनं सलाइनमध्ये मिसळलेलं लिग्नोकेन, म्हणजे बधिर करायचं औषध, सुयांनी सोडतात. पहिल्या काही सुया झोंबल्या, मांडीच्या आतल्या बाजूला जास्तच. नंतर नुसता गार ताण. हे पाणी शिरेला तारेवर आवळून धरतं आणि उष्णता कातडीपर्यंत, मज्जातंतूंपर्यंत जाऊ देत नाही. म्हणून सुया जास्त वाटल्या तरी घाई करायला सांगू नका. लेझर चालू असताना कुठं दुखलं तर मात्र लगेच बोला, तिथं आणखी औषध देतात.

पट्टी बांधून लगेच चालवलं, त्याच दिवशी घरी सोडलं. पण सोबत कुणीतरी न्याच, गाडी स्वतः चालवू नका.

पुढच्या आठवड्यात मांडीत दोरी ओढल्यासारखं होऊ लागलं, निळे-पिवळे डाग पडले. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, फार घाबरले. शीर आतून आकसते म्हणून तसं होतं. पोटरी एकदम सुजून दुखली किंवा धाप लागली तर मात्र थांबू नका, रक्ताच्या गुठळीची शक्यता असते, तडक दवाखाना गाठा.

सासूबाईंचा प्रश्न होता, "शीरच बंद केली तर रगात जायाचं कुठनं?" खोलवरच्या शिरांतून जातं, मुळात बरंचसं तिकडूनच जात असतं.

नंतर घालायच्या स्टॉकिंगचे, म्हणजे पाय आवळून धरणाऱ्या लांब मोज्यांचे, दोन जोड घ्या, कोल्हापूरच्या पावसात एक वाळत नाही. सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी चढवायचे. रंकाळ्यावर रोज चालत होते, त्यानं ओढ लवकर कमी झाली.

आता जडपणा आणि खाज गेली. काळे डाग हळूहळू फिकट होताहेत, नडगीवर थोडी जागा अजून बधिर आहे. बारीक निळ्या रेषा तशाच आहेत. त्यांचा इलाज वेगळा असतो. दुसऱ्या पायाचा डॉप्लर दिवाळीची गर्दी ओसरल्यावर करणार आहे, आणि लेझर लागलं तर याच भुलीवर.