क्लचचा सिलिंडर: नुसतं किट टाकायचं की अख्खा नवा बसवायचा?

क्वालिस, सुमो किंवा जुन्या इनोव्हाचं क्लच पेडल ढिलं पडलं, रिव्हर्स टाकताना गिअर खरखरू लागला, दोन-तीनदा पंप मारल्यावरच गिअर पडू लागला, की गॅरेजमध्ये दोन पर्याय ऐकायला मिळतात. आहे त्याच सिलिंडरमध्ये रबरांचं किट टाकायचं, नाहीतर सिलिंडरच बदलायचा. कोणता बरा हे आधी बिघाड कुठे आहे त्यावर ठरतं. सिलिंडर दोन असतात: पेडलजवळचा मास्टर ब्रेक ऑइल पाइपातून ढकलतो आणि गिअरबॉक्सवरचा स्लेव्ह त्या दाबाने क्लच सोडवतो.

पेडलच्या दांड्याजवळ किंवा पायाखालच्या मॅटमागे ओल असेल तर वरचा, म्हणजे मास्टर सिलिंडर गळतोय. गिअरबॉक्सवरच्या स्लेव्हचं रबरी बूट मागे सरकवल्यावर आत तेल साचलेलं दिसलं तर दोष खालचा. दोन्ही कोरडे, मास्टरला तेल पुरवणाऱ्या छोट्या टाकीतली पातळीही तशीच, पण पेडल दाबून धरलं तर हळूहळू खाली जातं? मग बहुधा मास्टरचं आतलं रबर दाब धरत नाही आणि तेल परत टाकीकडे जातंय. सिलिंडर बदलण्याआधी स्लेव्हकडे तेल नेणारी रबरी होज मात्र पाहून घ्या: एकाने पेडल दाबलं की ती फुगत असेल तर निम्मा दाब तिथेच मुरतो.

किटमध्ये रबरी कप आणि बूट येतात, क्वचित स्प्रिंगही. खर्च फारच कमी, पण हे रबर जुन्याच नळीत, म्हणजे सिलिंडरच्या ज्या पोकळीत पिस्टन सरकतो तिथे, घासत राहणार. पिस्टन काढून नळी कोरडी पुसा आणि उजेडात धरा. आत नख अडकेल अशी चर किंवा गंजाचा खड्डा असला तर किटचे पैसे वाया. नवा कप त्याच जागी पुन्हा कापला जातो. बिडाच्या नळीवरचा हलका डाग होन (आतून घासायचं हत्यार) फिरवून जातो. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीला होन लावू नये, वरचा कडक थर निघून जातो. धुवायला पेट्रोल, डिझेल वापरू नका, रबराला ग्रीसही फासू नका. ही रबरं खनिज तेलाने फुगतात. ताजं ब्रेक ऑइल लावूनच कप बसवा.

आमचं मत असं: स्लेव्ह असेल तर सरळ नवा घ्या. तो तळाशी चिखलपाण्यात असतो, तेलातलं पाणी आणि गाळही तिथेच उतरतो, त्यामुळे नळी क्वचितच चांगली निघते. शिवाय तो दोन बोल्ट आणि एका पाइपवर सुटतो. मास्टर महाग आणि डॅशबोर्डखाली वाकून काढावा लागतो. त्याची नळी गुळगुळीत असेल तर किट चालतं, पण चर असताना किट टाकलं तर तीच उठाठेव पुन्हा करावी लागते. एकाचं काम काढलं की दुसराही तपासा. वरचा नीट दाब देऊ लागला की खालचं थकलेलं रबर बऱ्याचदा तेव्हाच हात टेकतं.

नवा मास्टर बसवताना एक चूक महागात पडते. पेडल मोकळं असताना दांडा आणि पिस्टन यांत साधारण १ मिमी फट हवी. दांडा लांब राहिला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडचं भोक झाकलेलं राहतं, तापून फुगलेल्या तेलाला वाट मिळत नाही आणि क्लच घसरू लागतो. मग विनाकारण क्लच प्लेटवर संशय जातो.

टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचंच ब्रेक ऑइल घ्या. डॉट ३ आणि डॉट ४ एकमेकांत चालतात, सिलिकॉनचं डॉट ५ अजिबात नाही. अर्धा लिटर पुरतं. एअर काढताना निपल (हवा सोडायचा स्क्रू) स्लेव्हच्या वरच्या बाजूला आहे ना ते बघा, उलट बसवलेल्या स्लेव्हमधली हवा कधीच निघत नाही. पेडल दाबा, निपल उघडा, बंद करा, मगच पेडल सोडा. पेडल खालीच राहिलं तर हाताने वर ओढा. टाकी ब्रेकसोबत एकच असेल तर ती रिकामी होऊ देऊ नका. दर दोन वर्षांनी तेल बदलत गेलात, विशेषतः कोकण-मुंबईच्या दमट हवेत, तर रबरं आणि नळ्या बऱ्याच टिकतात.

काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत, बेअरिंगसकट असतो. तिथे किटचा विषयच नाही: तो काढायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लच प्लेट बदलाल तेव्हा तोही नवाच टाका, जुना कोरडा दिसत असला तरी.