कोयनेपलीकडचे भंगार आणि साताऱ्यातील एक दुकान

शिवसागर जलाशयापलीकडच्या आमच्या वाडीत भंगारवाल्याची हातगाडी येत नाही. गंजके पत्रे, जळालेली मोटार, फुटके पातेले, जे मोडेल ते परड्यातच साठत जाते. कारण लाँचने बामणोलीला उतरवून कासमार्गे सुमारे ३५ किलोमीटर साताऱ्याला न्यायचे, तर एकट्या घराचा माल भाड्यातच संपतो. यंदा चार घरांनी मिळून टेम्पो केला आणि महामार्गालगतच्या एका भंगार दुकानात माल उतरवला.

या दुकानातील निवड वाखाणण्याजोगी आहे. कामगाराने प्रत्येक वस्तूला आधी चुंबक लावून पाहिले. आम्ही लोखंडात टाकलेल्या एका नळाच्या तोटीला चुंबक चिकटेना, म्हणून त्याने तिच्यावर कानस मारली, तेव्हा मुलाम्याखाली पिवळेधमक पितळ निघाले आणि ती तोटी निमूटपणे वरच्या भावाच्या ढिगात गेली. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, पत्र्यापासून वेगळे तोलले, कारण बीड कोल्हापूरकडच्या फाउंड्र्यांना पुन्हा ओतण्यासाठी चालते, तर पातळ गंजका पत्रा भट्टीत बराचसा जळून जातो. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, काळ्याठिक्कर पातेल्यांनाही बरा भाव आला. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला ते खनिजापासून नव्याने काढण्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते, हे लक्षात घेतले की त्याचे नवल वाटत नाही. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी मात्र त्यांनी घेतली नाही, ती विक्रेत्याकडेच परत द्या, असे सांगितले, आणि ते योग्यच होते.

तांब्याच्या बाबतीत चूक आमचीच झाली. लाँचमध्ये ओझे कमी व्हावे म्हणून शेजाऱ्यांनी वायरी काठावरच जाळून आणल्या होत्या. धूर सोसला तो सोसलाच, शिवाय काळवंडलेल्या तारेला सोललेल्या तारेपेक्षा कमी भाव मिळाला.

तक्रार एकच, पण ती लहान नाही. काटा इलेक्ट्रॉनिक होता, आकडे आमच्यासमोर दिसत होते. तरीही माती आणि गंज यांच्या नावाखाली पत्र्याच्या वजनातून जी घट कापली, ती केवळ नजरेच्या अंदाजाने. माल परत लाँचमध्ये चढवून कोणी घरी नेणार नाही, हे दुकानदाराला पक्के ठाऊक असते.

पावसाळ्यापूर्वी आणखी एक खेप होईल, आणि ती याच दुकानात नेऊ. तार सोलून आणू. घटीचा आकडा मात्र टेम्पोचे फाळके उघडण्याआधीच ठरवून घेऊ.