गोवर आला तर: कडुलिंबाचा पाला की दवाखाना?
आमच्या गुहागरकडे अजून पोराला गोवर आला की दाराला कडुलिंबाची डहाळी, अंथरुणात पाला, आंघोळ बंद आणि आठ दिवस नुसती पेज. पेज, शहाळ्याचं पाणी चांगलंच हो, तापात पाणी पोटात जायलाच हवं, पण पाल्याने व्हायरस मरत नाही.

दवाखान्यातही गोवराचं असं खास औषध नाही, तरी तिथे व्हिटॅमिन एचे डोस लागोपाठ २ दिवस देतात, त्याने डोळे जपले जातात, आणि छाती तपासतात कारण मुलं दगावतात ती बहुतेक न्यूमोनियाने. म्हणून ताप, खोकला, लाल डोळे आणि मग कानामागून, चेहऱ्यावरून पुरळ खाली उतरायला लागलं की पोराला आधी दवाखान्यात न्या, पेज नंतर. लसीचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत, सरकारी केंद्रात फुकट.