सेकंड हँड टर्बो पेट्रोल: पावसाळा ते उन्हाळा चालवून झाल्यावर

टर्बो पेट्रोल सेकंड हँड घेऊ नको, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) उडाला की संपलास, हे मला बऱ्याच जणांनी ऐकवलं, त्यातल्या एकाकडेही टर्बो गाडी नव्हती ते सोडा. घेतली 2020 ची एक लिटर इंजिनवाली, तीन सिलिंडर, डायरेक्ट इंजेक्शन, मॅन्युअल, रनिंग 48 हजार. पुण्यात रोजचं ऑफिस आणि अधूनमधून कोल्हापूर. शहरात लिटरला 11-12 किमी देते, हायवेला शांत चालवली तर 17-18. टर्बोला अजून काही झालेलं नाही.

त्याच पैशात डीलरकडे 19 हजार रनिंगवाली पण होती, "साहेब डॉक्टरांची गाडी आहे, घर ते क्लिनिक, बस." मी तिथेच नको म्हटलं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, इंजिन गार असलं की त्यातलं थोडं भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. लांब चालवली की तापून उडून जातं, पण रोज दोन किमी जाऊन बंद, दोन किमी येऊन बंद असं असेल तर ऑइल पातळच होत जातं, आणि मालक म्हणणार रनिंग कुठे झालंय, पुढच्या वर्षी बदलू. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो तो ह्याच ऑइलच्या भरवशावर. म्हणून मीटर नंतर बघा, आधी सर्व्हिसची बिलं मागा आणि त्यावरच्या तारखा बघा. माझ्या गाडीचा आधीचा मालक हायवेवाला होता, ऑइल दरवर्षी वेळेत.

खर्च निघालाच नाही असं नाही. दिवाळीनंतर सकाळी स्टार्ट केली की थरथरायची, गरम झाली की गुपचूप. स्कॅनरवर मिसफायर दिसला, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल नीट पेटत नव्हतं, प्लग बदलले, फरक शून्य. मग मेकॅनिकने कॅमेरा आत घालून दाखवलं, इनटेक व्हॉल्व्हवर, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपांवर, काळा थर. ह्या इंजिनात व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही त्यामुळे धुतले जात नाहीत, कार्बन बसतो. मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारे पाइप) उतरवून साफ केले, दहा हजाराच्या आसपास गेले, तेव्हापासून मख्खन. ही कटकट नको असेल तर मॅग्नाइट-कायगरचं एक लिटर टर्बो किंवा सुरुवातीच्या नेक्सॉनचं 1.2 बघा, त्यांत इंजेक्शन पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या आधी हवेच्या वाटेत आहे, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जातात.

खंबाटकी घाटात फक्त एक पाळायचं, आरपीएम 1500 च्या खाली असताना वरच्या गियरमध्ये पाय दाबायचा नाही, सरळ खालचा गियर टाकायचा. लहान टर्बो इंजिनाला असं रेटलं की मिश्रण स्पार्कच्या आधीच पेटू शकतं आणि पिस्टनला मार बसतो. ऑइलच्या डब्यावर एपीआय एसपी (ऑइलच्या दर्जाची खूण) लिहिलेलं बघून घ्या, असं आधीच पेटणं टाळायची चाचणी त्यात धरलेली असते.

जुनी इकोस्पोर्ट 1.0 इकोबूस्ट स्वस्तात दिसेल, चालवायला मस्तच आहे, पण तिचा टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल जुळवणारा पट्टा) ऑइलमध्येच फिरतो. चुकीचं ऑइल पडलं असेल तर बेल्टचा चुरा होऊन ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो, म्हणून बेल्ट बदलल्याचा पुरावा नसेल तर बदलायचा खर्च किमतीतून कापूनच बोला.

आणि ड्राय क्लचवाली डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, क्लच ऑइलमध्ये नसलेला) बघत असाल तर टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या रोडवर घेऊ नका, संध्याकाळी सहाला हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास रांगवा, क्लच गेलेला असेल तर तिथे लगेच झटके मारते.